कोणते ४० टक्के?

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला एक सोमवार माझ्या मनातून जात नाही. नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी द्वितीय वर्ष विज्ञानाच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवते. त्या आठवड्यात बेजचे प्रमेय, म्हणजे परिणाम दिसल्यावर तो कोणत्या कारणाने झाला असण्याची शक्यता किती हे काढण्याचा नियम, शिकवायचे होते आणि वेळापत्रकात तो घटक ऑनलाइन भागात येत असल्याने मी ३८ मिनिटांचा व्हिडिओ तयार करून गुरुवारी संध्याकाळी महाविद्यालयाच्या प्रणालीवर ठेवला होता. मुलांनी तो घरी पाहायचा आणि सोमवारी वर्गात फक्त उदाहरणे सोडवायची, असे ठरले होते. सोमवारी सकाळी प्रणालीवरची नोंद उघडली, तेव्हा दोघे-तिघे वगळता सगळ्यांच्या नावापुढे व्हिडिओ पूर्ण पाहिल्याची हिरवी खूण होती.

वर्गात गेल्यावर मी फळ्यावर एक साधे उदाहरण लिहिले. एका व्यापाऱ्याकडे द्राक्षांच्या १००० पेट्या आल्या आहेत. त्यांपैकी ६०० पहिल्या बागेतल्या आणि ४०० दुसऱ्या बागेतल्या. पहिल्या बागेच्या पेट्यांपैकी २ टक्के खराब निघतात, दुसऱ्या बागेच्या ५ टक्के. आता हाताला लागलेली एक पेटी खराब निघाली, तर ती दुसऱ्या बागेतली असण्याची संभाव्यता किती? बहुतेकांनी ‘५ टक्के’ असे उत्तर दिले. काहींनी सूत्र अचूक लिहिले, पण त्यात कोणती संख्या कोठे घालायची, हे त्यांना सांगता येईना. खरे तर येथे सूत्राचीही गरज नव्हती. पहिल्या बागेच्या खराब पेट्या १२, दुसऱ्या बागेच्या २०, एकूण ३२. त्यांतल्या २० म्हणजे ६२.५ टक्के. दुसऱ्या बागेची पेटी खराब असण्याची शक्यता वेगळी आणि खराब पेटी दुसऱ्या बागेची असण्याची शक्यता वेगळी, हेच तर त्या ३८ मिनिटांत मी निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितले होते.

मी खडू खाली ठेवला आणि व्हिडिओ कसा पाहिला ते प्रत्येकाने खरेखरे सांगावे, त्यासाठी कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत, असे सांगितले. मुले प्रामाणिकपणे बोलली, याबद्दल मला आजही त्यांचे कौतुक वाटते. कोणी तो दुप्पट वेगाने पाहिला होता. कोणी नाशिक रोडहून येताना सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याने, एका कानात इअरफोन घालून ऐकला होता. अनेकांनी व्हिडिओची चौकट लहान करून पडद्याच्या कोपऱ्यात ठेवली होती आणि उरलेल्या पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे चालू होते. एकाला पाहता पाहता झोप लागली, व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत चालला आणि हिरवी खूण उमटली. दिंडोरीकडून रोज येणाऱ्या एका मुलीने सांगितले, “मॅडम, मी भाकरी करताना फोन डब्याला टेकवून ठेवला होता. हात पिठाचे होते, त्यामुळे न समजलेल्या ठिकाणी थांबवता आला नाही.”

त्याच वर्गात शासकीय वसतिगृहात राहणारे चौघे जण आहेत, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरून आलेले. तिघांचा त्या दिवसाचा डेटा संपला होता, म्हणून चौघांनी एकाच्या फोनवर तो व्हिडिओ पाहिला. मध्ये फोन, समोर एक वही आणि वहीवर चार डोकी. ज्याला समजले नाही त्याने फोन थांबवायचा आणि ज्याला समजले असे वाटते त्याने ते वहीवर करून दाखवायचे, असा त्यांचा क्रम आपोआप ठरला होता. ३८ मिनिटांचा व्हिडिओ पाहायला त्यांना दोन तास लागले. फळ्यावरच्या उदाहरणाचे बरोबर उत्तर सर्वांत आधी त्यांच्यापैकी एकाने दिले आणि ते पेट्या मोजून दिले, सूत्र घालून नव्हे. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्यामुळे या प्रसंगाला मी पुरावा म्हणत नाही. परंतु या विषयाचा मी तेव्हापासून जो विचार करत आले आहे, त्याची सुरुवात तेथे झाली.

त्या हिरव्या खुणांनी मला फसवले, आणि ते नेमके बेजच्या प्रमेयाच्या वाटेने फसवले. ज्यांना विषय समजलेला असतो, त्यांनी बहुधा व्हिडिओ पाहिलेला असतो, हे खरे आहे. म्हणून ज्यांनी व्हिडिओ पाहिला त्यांना विषय समजला, असे मी मानून चालले होते. उलट्या बाजूची संभाव्यता सुलट्या बाजूची समजण्याची जी चूक माझ्या विद्यार्थ्यांनी पेट्यांच्या बाबतीत केली, तीच मी त्यांच्या बाबतीत केली होती. उपकरणाला पाहण्याची नोंद घेता येते, समजण्याची घेता येत नाही, आणि जी नोंद हाताशी असते तिच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह शिक्षकाला आणि संस्थेला सारखाच होतो.

मिश्र अध्ययन, म्हणजे काही भाग प्रत्यक्ष वर्गात आणि काही भाग उपकरणाच्या साहाय्याने शिकण्याची पद्धत, आता आमच्या महाविद्यालयीन जीवनाचा स्थिर भाग झाली आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा आम्ही नाइलाजाने सारेच्या सारे ऑनलाइन शिकवू लागलो. महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर सवय मात्र टिकली. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्ययनाविषयीची संकल्पना मांडली आणि तिच्यात कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा व उरलेला प्रत्यक्ष वर्गात, असे सुचवले. त्या वर्षी ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादाही २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. या आकड्यावर मी अनेक बैठकांमधून चर्चा ऐकली आहे. ४० टक्के जास्त आहेत की कमी, हजेरी कशी धरायची, कार्यभार कसा मोजायचा, हे सारे त्या चर्चांत आले. परंतु कोणते ४० टक्के, हा प्रश्न फार थोड्या वेळा आला. आमच्याकडे तो प्रश्न वेळापत्रकाने सोडवला. ज्या दिवशी खोली मोकळी नाही, त्या दिवशीचा घटक ऑनलाइन झाला. बेजचे प्रमेय असेच ऑनलाइन भागात गेले होते.

मला जे म्हणायचे आहे ते असे की, विद्यार्थ्याच्या अभ्यासावर उपकरणाचा परिणाम चांगला होतो की वाईट, हे पुष्कळ अंशी शिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आपण ते त्याच्या हाती देतो यावर ठरते. एखाद्या अवघड संकल्पनेशी विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते तेव्हा त्याला सर्वांत जास्त सोबत लागते, अडखळल्यावर कोणी थांबवणारे लागते, चुकीचे उत्तर ऐकून ‘पुन्हा सांग’ म्हणणारे लागते. ती पहिली गाठ आपण त्याच्या एकट्याच्या फोनवर ढकलली, आणि फोनवर त्याच वेळी त्याचे मित्र, खरेदी, क्रिकेटचा सामना आणि रील्सची न संपणारी रांगही आहे. पुस्तक उघडले की पुस्तकच उघडते. फोन उघडला की सगळा बाजार उघडतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने त्या बाजारातून मान खाली घालून चालावे आणि फक्त माझ्या व्हिडिओपाशी येऊन बसावे, ही अपेक्षा मी स्वतःकडूनही पूर्ण करू शकत नाही.

२००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रसायनशास्त्राच्या दोन शाळाशिक्षकांनी व्याख्याने चित्रित करून विद्यार्थ्यांना घरी पाहायला दिली आणि वर्गातला वेळ गणिते व प्रयोगांसाठी मोकळा केला. पुढे या उलट्या वर्गाचा जगभर प्रसार झाला. त्यांचा हेतू सरळ होता: शिक्षक प्रत्यक्ष समोर असताना त्याने ऐकवण्यात वेळ घालवू नये, मदतीत घालवावा. मी हा विचार मनापासून स्वीकारला होता आणि आजही त्यातला दुसरा भाग मला पटतो. परंतु या रचनेत घरी एक शांत खोली, अखंड जोडणी आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा वेळ गृहीत धरलेला असतो. आमच्या वर्गातल्या किती जणांकडे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, याचा विचार मी पुरेसा केला नव्हता.

वर्गातल्या उपकरणांविषयी बराच अभ्यास झालेला आहे आणि संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून तो मी निष्कर्षापेक्षा पद्धतीकडे पाहून वाचते. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात, व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतरच्या चाचणीत ११ टक्के कमी गुण मिळाले. मला त्याहून विचारात पाडले ते त्याच्या दुसऱ्या भागाने: स्वतः कागदावर टिपणे काढणाऱ्या, परंतु दुसऱ्याचा असा लॅपटॉप नजरेसमोर असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण १७ टक्क्यांनी घसरले. नमुना लहान होता, त्यामुळे नेमक्या आकड्यांना मी चिकटून राहणार नाही. पण बाकावरच्या एकाच्या हातातला पडदा हा त्याचा एकट्याचा प्रश्न राहत नाही, ही गोष्ट मागच्या रांगेत उभे राहून वर्गाकडे पाहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला दिसते. वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या वर्गांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक भक्कम वाटतो, कारण तेथे उपकरणांना मोकळीक कोणत्या वर्गात द्यायची, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवले होते. ज्या वर्गांत लॅपटॉप किंवा टॅब वापरू दिले, त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणाऱ्या मापाच्या, सुमारे ०.१८ पटीने कमी होते. टॅब बाकावर सपाट ठेवायला लावून शिक्षकाला पडदा दिसेल अशी व्यवस्था केली, तरी फार फरक पडला नाही. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत हे घडते, तर आमच्या मुलांना केवळ ‘लक्ष द्या’ म्हणून भागणार नाही.

सगळेच पुरावे इतके सरळ नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. हाताने टिपणे काढणारे विद्यार्थी संकल्पनेवरच्या प्रश्नांत टंकलेखन करणाऱ्यांपेक्षा सरस ठरतात, असे सांगणारा २०१४ चा एक अभ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणात वारंवार उद्धृत होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा टंकलेखन करणारे वक्त्याचे शब्द जास्त प्रमाणात जसेच्या तसे उतरवतात, हे पुन्हा दिसले. परंतु गुणांमधला फरक ठामपणे आढळला नाही. फोन बंद करून नुसता जवळ ठेवला तरी बुद्धीचा काही भाग त्याच्यात गुंतून राहतो, या २०१७ मधल्या निष्कर्षाबाबतही पुढच्या प्रयोगांत एकवाक्यता नाही. म्हणून ‘फोन जवळ असला की बुद्धी मंदावते’ असे सरसकट विधान मी विद्यार्थ्यांपुढे करत नाही.

तथापि, आमच्याकडचा खरा प्रश्न हाताने लिहावे की टंकलेखन करावे हा नाहीच. आमच्या वर्गात लॅपटॉप मोजके आहेत. येथे लिहिण्याला पर्याय म्हणून आला आहे तो फळ्याचा फोटो. सिद्धता पूर्ण झाली की पंचवीस-तीस फोन एकदम वर उचलले जातात. फोटो काढल्याबरोबर ती सिद्धता आपल्याजवळ आली, असे मुलांना वाटते, आणि ती पुढे दोन हजार फोटोंच्या ढिगात कोठेतरी पडून राहते. परीक्षेच्या आठवड्यात तो ढीग चाळला जातो, कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याच फोटोंच्या प्रती निघतात आणि पहिल्यांदा वाचन होते. वहीत उतरवताना माणूस प्रत्येक ओळीशी क्षणभर तरी थांबतो. ‘ही पायरी कोठून आली?’ हा प्रश्न त्या थांबण्यात जन्माला येतो. फोटो काढताना थांबायचे कारणच उरत नाही. मला वाटते, विद्यार्थ्यांच्या सवयींत गेल्या दहा वर्षांत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

वाचनाचेही असेच आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचला असता पडद्यावर वाचण्यापेक्षा अधिक समजतो आणि वेळेची मर्यादा असेल तर हा फरक वाढतो, असे त्यातून दिसले. २००० ते २०१७ या काळात हा फरक कमी होण्याऐवजी वाढत गेला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण लहानपणापासून पडद्यावर वाचणाऱ्या पिढीला त्याची सवय होईल आणि प्रश्न आपोआप सुटेल, अशी आशा आपण सगळे धरून होतो. शिवाय माझ्या विषयात मजकुराइतकेच कोष्टकांना महत्त्व असते. सहा इंची पडद्यावर प्रसामान्य वितरणाचे कोष्टक वाचायचे तर एका वेळी एकतर स्तंभाचे शीर्षक दिसते किंवा ओळीतली संख्या दिसते. दोन्ही एकत्र पाहायला बोटांनी पान सारखे मागे-पुढे सरकवावे लागते. पीडीएफ पाठवली म्हणजे पुस्तक दिले, असे मानणे मी सोडून दिले आहे.

आता उपकरण कोणाच्या हातात आणि केव्हा असते, त्याकडे येते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर स्मार्टफोन घरोघरी पोहोचले, पण घरात फोन असणे आणि मुलीच्या हातात फोन असणे यांत अंतर आहे. ग्रामीण शिक्षणाची स्थिती मांडणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालासाठी १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांमध्ये ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के होते. ही मुले आता महाविद्यालयाच्या वयात आली आहेत. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला वडील शेतातून परत आल्यानंतर, आणि धाकट्या भावाचे काम संपल्यानंतर, म्हणजे रात्री साडेनऊच्या पुढे फोन मिळत असे. तिला व्हिडिओ पाहायला उशीर होतो म्हणून मी दोनदा तिचे गुण कमी केले होते. तिने कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पुढे तिच्या मैत्रिणीकडून मला ते कळले. ते गुण मी परत दिले, पण त्या दोन वेळी वर्गासमोर तिला जे ऐकावे लागले, ते परत घेता आले नाही.

रात्रीविषयी आणखी थोडे सांगते, कारण तेथे आम्हा शिक्षकांचा दोष स्पष्ट आहे. सबमिशनची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची ठेवण्याची पद्धत ऑनलाइन प्रणालीबरोबर आली. पूर्वी जर्नल तपासायला द्यायचे ते कार्यालय बंद होण्याआधी, त्यामुळे दिवसाचे काम दिवसा संपत असे. आता मुदत मध्यरात्रीची असेल तर काम मध्यरात्रीपर्यंत चालते, फोन हातात असतोच, आणि फाइल पाठवून झाल्यावर तो लगेच खाली ठेवला जात नाही. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचल्याने मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते, झोप सुमारे १० मिनिटे उशिरा लागते आणि सकाळी तरतरी कमी असते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात आढळले. तो प्रयोग केवळ १२ जणांवर, रोज चार तास वाचायला लावून झाला होता, म्हणून मी त्याला मर्यादित वजन देते. माझ्या मते प्रकाशापेक्षा मुदत अधिक जबाबदार आहे. सकाळी साडेसातच्या तासाला जे चेहरे समोर दिसतात, ते पाहून मी माझ्या विषयाची मुदत संध्याकाळी सहाची केली. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या, नंतर थांबल्या. ज्यांना फोन रात्रीच मिळतो, त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर लिहून देण्याची मुभा आहे.

हे सारे वाचून मी उपकरणांच्या विरोधात आहे, असे कोणी समजू नये. ऑक्टोबरमध्ये निफाड भागात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की माझे काही विद्यार्थी पंधरा-वीस दिवस घरच्या बागेत असतात. पूर्वी त्या दिवसांत बुडालेला भाग त्यांना कधीच भरून काढता येत नसे. आता ते तो रात्री पाहतात, न समजलेला भाग तीनदा पाहतात, आणि वर्गात हात वर करायला संकोचणारी मुले संदेशातून मोकळेपणाने शंका विचारतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले मराठी धडे पाहून संगणकाची भीती गेलेली मुले मी पाहिली आहेत. आणि माझ्या विषयात तर संगणकाने एक अशी गोष्ट शक्य केली, जी खडू आणि फळा कधीच करू शकला नसता. नाणे दहा वेळा उडवले तर छापा सात वेळा पडू शकतो, पण ते दहा हजार वेळा उडवल्यास छाप्याचे प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ जाते, हे मी पंधरा वर्षे तोंडी सांगत होते. आता प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थी स्प्रेडशीटमध्ये दहा हजार फेका क्षणात करतो, पुन्हा करतो, आलेख अर्ध्याच्या रेषेपाशी स्थिरावताना स्वतः पाहतो. त्या दिवशी वर्गात जी शांतता पसरते, ती लक्ष लागल्याची शांतता असते.

मिश्र अध्ययनाचे परिणाम एकंदरीत वाईटही नाहीत. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या विश्लेषणात मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी केवळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरासरीने सरस होती. मात्र त्या विश्लेषणाच्या लेखकांनीच सावध केले होते की, मिश्र पद्धतीत विद्यार्थ्यांना बहुधा जास्तीचा वेळ आणि जास्तीचे साहित्यही मिळालेले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. आम्ही मात्र मिश्र अध्ययनाने वेळ वाचतो असे समजून ते स्वीकारले. वसतिगृहातल्या चौघांनी ३८ मिनिटांच्या व्हिडिओला दोन तास दिले होते, ही गोष्ट मला येथे पुन्हा आठवते.

याच नाशिकमध्ये, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन येथे, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य. मिश्र अध्ययन हा शब्द आमच्या बैठकांत येण्यापूर्वी कितीतरी वर्षे तेथे घरी शिकणे आणि अभ्यासकेंद्रात येऊन भेटणे यांची सांगड घातली जात होती. त्यांची जुनी पाठ्यपुस्तके मी गेल्या दिवाळीत मुद्दाम चाळली. घटक लहान आहेत, आरंभी उद्दिष्टे दिली आहेत, थोडा मजकूर झाला की वाचकाला थांबवून प्रश्न विचारला आहे. विद्यार्थी एकटा आहे, त्याच्याजवळ विचारायला कोणी नाही, हे लिहिणाऱ्याने सतत ध्यानात ठेवलेले आहे. माझा ३८ मिनिटांचा व्हिडिओ तसा नव्हता. वर्गात बोलते तसे मी कॅमेऱ्यापुढे बोलले होते आणि वर्गात समोरचे चेहरे पाहून मी आपोआप जेथे थांबते, तेथे थांबलेच नव्हते.

जानेवारीपासून मी काही बदल केले. व्हिडिओ आता आठ-दहा मिनिटांचे असतात आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक प्रश्न विचारून मी थांबते. डेटा कमी लागावा म्हणून त्याच भागाची केवळ आवाजाची फाइल आणि एका पानाचे टिपण स्वतंत्र ठेवते. व्हिडिओ पाहिल्याच्या खुणेला गुण नाहीत. प्रत्येकाने हाताने सोडवलेला एक कागद घेऊन यायचे, उत्तर चुकले तरी चालेल, पण कोठे अडले ते त्यावर लिहिलेले असले पाहिजे. शक्य असेल त्यांनी तिघा-चौघांनी मिळून एकाच फोनवर पाहावे, असे मी आग्रहाने सांगते. वर्गात पहिली पस्तीस मिनिटे फोन दप्तरात राहतात आणि मीही माझा फोन टेबलाच्या खणात ठेवते. नंतर आकडेमोडीसाठी ते बाहेर येतात. फळ्याचे फोटो मी बंद केले नाहीत, मात्र सिद्धता वहीत उतरवायला पाच मिनिटे देते आणि फोटो त्यानंतर. त्या पाच मिनिटांत शंका येऊ लागल्या आहेत. हे उपाय सगळीकडे चालतील, असा माझा दावा नाही. शंभर-सव्वाशेच्या वर्गात एवढे कागद वाचणे अशक्य आहे, हे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुढच्या सत्रात प्रतिगमनाचे, म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध रेषेने मांडण्याचे, प्रकरण येईल. वेळापत्रक तयार करण्याच्या बैठकीत ते ऑनलाइन भागात टाकले गेले होते, कारण त्या आठवड्यात आमची खोली दुसऱ्या विभागाच्या परीक्षेसाठी लागणार आहे. मी दुसरी खोली मागितली आहे; ती तिसऱ्या मजल्यावरची, पंखा नसलेली मिळाली आहे. पहिला तास तेथेच होईल, फळ्यावर, द्राक्षाच्या वेलींचे वय आणि त्यांचे उत्पन्न यांचे ठिपके प्रत्येकाच्या हातातल्या आलेखाच्या कागदावर मांडून, पट्टीने रेषा कोठून काढायची यावर वाद घालत. व्हिडिओ त्या रात्री प्रणालीवर येईल.